कलम एकवीस आणि अक्कांची खळ

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नानाच झाले होते. जळगावच्या कोर्टात, दुपारच्या सुट्टीत, वकिलांच्या खोलीतल्या टेबलाला टेकून मी भटू नानांची नक्कल करत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान थोडी डावीकडे, आणि ती सुप्रसिद्ध खाकरणी. ती तीन वेळा, चढत्या आवाजात, एकट्या न्यायाधीशांना नाही तर अख्ख्या इमारतीला जागं करायचं असल्यासारखी. आदल्या रविवारी मी धुळ्याच्या दवाखान्यात त्यांना भेटून आले होते. "कसे आहेत तुमचे गुरू?" असं कोणी विचारलं की मी तोंडी उत्तर देत नाही, करून दाखवते. तर नाना पलंगावर आहेत, नर्सने सुई उचलली आहे आणि नाना खाकरून म्हणताहेत, "ताई, टोचण्याआधी कारण सांगा. लेखी द्या. मला समजेल अशा भाषेत द्या." खोली हसत होती. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे नानांची मुलगी होती. मी ऐकलं, फोन ठेवला आणि म्हणाले, "नाना गेले." खोली आणखी जोरात हसली. एका मित्राने तर टाळीसाठी हात पुढे केला. माझा चष्मा अजून नाकाच्या शेंड्यावर होता, मान डावीकडे होती... आणि ती सरळ कशी करायची ते मला सुचत नव्हतं. आयुष्यभर लोकांना हसवत आल्यावर एक दिवस असा येतो, की तुम्ही खरं बोलता आणि त्यालाही हशाच येतो.

नाना सोनगीरचे. धुळ्याच्या कोर्टात रोज बसने यायचे, महामार्गावरच्या त्याच फाट्यावरून, बहुतेकदा त्याच सीटवर बसून. खावटी, बांधाचे वाद, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी अशी माणसं, ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला मोहफुलं किंवा चारोळीच असायची. वकिलीची परीक्षा पास होऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "नाटकात काम करतेस म्हणे?" मी घाबरत हो म्हटलं. "बरं शे. साहेबांना निदान ऐकू तरी येईल." एवढीच मुलाखत. सहा वर्षं मी त्यांची ज्युनिअर होते. मग लग्न होऊन जळगावला, पिंप्राळ्यात आले, स्वतःचा फलक लावला, तरी महिन्यातला एक शनिवार मी धुळ्याच्या बसमध्ये बसत राहिले. नवऱ्याला वाटायचं, मी कायद्यासाठी जाते. सासूला वाटायचं, माहेरी जाते. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

आता त्या पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं. नानांनी वकिलीच्या पहिल्या वर्षी राज्यघटनेवरचा एक जाडजूड भाष्यग्रंथ घेतला होता, आणि त्यानंतर त्याची नवी आवृत्ती कधीही घेतली नाही. कायदा बदलला, नवा निकाल आला, की ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याची प्रत काढत, कामाचा उतारा कात्रीने कापत आणि त्या त्या कलमाच्या समासात चिकटवत. जुन्या वकिलांची ही रीतच होती, पण इतरांनी ती केव्हाच सोडली. नानांनी सोडली नाही. त्या पुस्तकाचं पोट इतकं सुटलं की ते मिटेना. शेवटी अक्कांनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, जुन्या लुगड्याचा काठ काढून दिला आणि राज्यघटना त्याने बांधली गेली. नाना कोर्टात ती गाठ सोडायला लागले की समोरचे वकील घड्याळाकडे बघायचे.

चिकटवायला बाजारचा डिंक चालायचा नाही. खळच हवी, आणि तीही अक्कांच्या हातची. शनिवारी सकाळी अक्का सोनगीरच्याच एका पितळी वाटीत कणकेची खळ शिजवायच्या. नाना ती वाटी फडक्यात बांधून बसने धुळ्याला न्यायचे. खळीत मोरचूद घालायचं असतं, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही, हे अक्कांना त्यांच्या आईने शिकवलेलं. पण इथे एक घटनात्मक पेच होता. नाना पान उलटताना बोट जिभेला लावायचे. एकदाच नाही, प्रत्येक पानाला. आणि मोरचूद म्हणजे विष. अक्का मला साक्षीला धरून विचारायच्या, "मोरचूद टाकं ते मानूस मरी, नही टाकं ते पुस्तक मरी. आते तूच सांग, काय करू?" निकाल दर वेळी माणसाच्या बाजूने लागायचा. मग पुस्तकाला झुरळं लागली. आणि झुरळांनाही अक्कल असते हो! जिथे खळ जास्त तिथे ती जातात. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कलम एकवीसवर, जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कावर. खासगीपणाचा निकाल तिथे, हवामानाच्या माऱ्यापासून वाचण्याचा हक्क तिथे, आजारपण, तुरुंग, इंटरनेटपर्यंत पोचता येणं, सगळं तिथेच. त्यामुळे झुरळांनी कलम एकवीस जितकं आवडीने खाल्लं तितकं दुसरं कुठलंच नाही. करविषयक कलमं मात्र कोरी करकरीत. नाना ती कुरतडलेली पानं मला दाखवायचे आणि अभिमानाने म्हणायचे, "बघ, लोकांना कळत नाही, पण यांना कळतं चांगलं काय शे ते."

शनिवारी कामकाज आटोपलं की वकिलांच्या खोलीत नाना महिन्याभरातले नवे निकाल वाचून दाखवत. वरच्या कोर्टाने काय म्हटलं ते आधी मराठीत आणि मग, मूड असेल तर, अहिराणीत. मी ज्युनिअर होते तेव्हा वीस-बावीस वकील बसायचे. नंतर सगळ्यांच्या हातात फोन आले, त्यात निकाल आले, आणि निकाल फोनमध्ये आहे म्हटल्यावर तो वाचायची गरजच संपली. बाविसांचे बारा झाले, बारांचे सात, सातांचे तीन. गेल्या वर्षी एका शनिवारी मी पोचले तेव्हा नाना फक्त चहावाल्या धुडकू आबांना निकाल ऐकवत होते. तुरुंगात जातीवरून कामं वाटायची नाहीत, असा तो निकाल. आबा कपबशा पुसत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "चांगलं शे नाना. पन हाई त्यासले सांगं का कोनी?" नानांनी चष्मा काढला. "तोच ते घोळ शे आबा. हक्क बठ्ठा निघेल शेतस. फक्त रस्तामा शेतस." हक्क सगळे निघालेत म्हणे, फक्त रस्त्यात आहेत! मी खळखळून हसले. मग बसमध्ये तेच वाक्य चार वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. जळगावला जाऊन करून दाखवायचं होतं ना... तेव्हा मला ते विनोदीच वाटलं होतं.

रेमसिंगचं प्रकरण तोपर्यंत आलेलं होतं. शिरपूरच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा हा माणूस. वनजमिनीच्या दाव्यावरून तिथे गर्दी जमली, दगड सुटला, वनखात्याच्या एका माणसाचं डोकं फुटलं आणि कागदावर पहिलं नाव रेमसिंगचं लागलं. खुनाचा प्रयत्न. दगड त्याने मारला की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि नानांनी मला कधी विचारू दिलं नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता. रेमसिंगला पावरी बोली येते, दुसरं काही येत नाही. अटकेची कारणं त्याला छापील मराठी कागदावर दिली होती आणि खाली लिहिलं होतं, 'समक्ष समजावून सांगितले.' त्याखाली अंगठा. एकदा त्याचा जामीन फेटाळला गेला होता. त्याची बायको सुमलीबाई दर तारखेला दोन बस बदलून धुळ्याला यायची. बाजारात मोहफुलं विकून विकून तिला कामापुरती अहिराणी येत होती. ती कोर्टाच्या पायरीवर बसायची आणि नाना दिसले की एकच विचारायची, "आज सोडतस का?"

मग तो निकाल आला. वरच्या कोर्टाने सांगितलं, की अटकेची कारणं लेखी द्या, प्रत्येक गुन्ह्यात द्या, आणि ज्याला पकडलं त्याला समजेल अशा भाषेत द्या. नानांचा मला फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस फोनवर ओरडत होता. "बाई, आपलंच लिहिलंय त्यांनी! जणू रेमसिंग डोळ्यासमोर शे!" पुढचे दहा दिवस त्यांनी सुमलीबाईला धुळ्यात बसवून घेतलं. अटकेचा तो कागद तिच्याकडून पावरीत करून घेतला आणि देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहिला. पावरीत लिहिणार कोण, असं कोणी म्हणालं तर समोर ठेवायला. त्या दहा दिवसांत त्यांनी तिला एक वाक्य इतक्यांदा ऐकवलं की ते तिला पाठ झालं. माणसाला नेताना का नेतो ते त्याला सांगावं लागतं, आणि त्याला ते समजावंही लागतं. नुसतं सांगून भागत नाही.

सुनावणीला मी जळगावहून गेले. असा प्रयोग चुकवणारी मी नव्हे. कुठलं कोर्ट, कोण साहेब, ते सांगत नाही. साहेब सज्जन होते, एवढं सांगते. नानांनी काठाची गाठ सोडली, बोट जिभेला लावलं, अटक झालेल्याच्या हक्कांचं कलम बावीस काढलं आणि बोलायला लागले. मी त्यांना इतकं सुंदर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी तो पावरी कागद वाचला, खाकरत, अडखळत. मागच्या बाकावर सुमलीबाई तोंडावर पदर धरून हसली, कारण नानांचे उच्चार भयंकर होते. साहेबही हसले. मला वाटलं, जिंकलो. तेव्हा सरकारी वकील उठला. तरुण मुलगा, कधीकाळी नानांच्या शनिवारी येऊन बसलेला. अतिशय नम्रपणे म्हणाला, "नानासाहेबांचं म्हणणं मान्य केलं तर एक शंका आहे. या आरोपीने नानासाहेबांना दिलेलं वकीलपत्र कोणत्या भाषेत आहे? त्यावरही अंगठाच आहे. ते त्याला कोणी समजावून सांगितलं?"

कोर्ट हसलं. सगळे हसले. मीही हसले, कारण टायमिंग अचूक होतं आणि माझा स्वभावच मेला तसा. नानांनी फाइल उघडली. वकीलपत्र काढलं. छापील मराठी, नेहमीचं, हजारो वेळा भरलेलं. तुरुंगातून कारकुनाने अंगठा आणला होता, सगळ्यांचा आणतात तसा. नाना त्या कागदाकडे बघत राहिले. "माझी चूक आहे," एवढंच म्हणाले. पुढे साहेबांनी निर्णय सांगितला, की वरच्या कोर्टाचा तो निकाल यापुढच्या अटकांना लागू आहे, ही अटक त्याआधीची आहे, आणि तिच्यापुरती कारणं सांगितल्याची नोंद पुरेशी आहे. अर्ज नामंजूर. सुमलीबाईने पायरीवर विचारलं, "सोडतस का?" नाना म्हणाले, "यापुढे ज्यांना धरतील, त्यांना सोडतील बाई." ती म्हणाली, "मंग त्याले आजून एकदाव धरानं सांगा ना." हे तिने गमतीने म्हटलं नव्हतं. नाना मात्र त्या दिवसात पहिल्यांदा हसले, आणि मग कितीतरी वेळ नळावर तोंड धूत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात ते तिला घेऊन तुरुंगात गेले. नवं वकीलपत्र, पावरीत, हाताने लिहिलेलं. सुमलीबाईने जाळीआडून ते नवऱ्याला समजावलं. नाना सांगायचे, रेमसिंगने ते सगळं शांतपणे ऐकलं आणि मग बराच वेळ नानांकडे बघून काहीतरी बोलला. सुमलीबाईला ते सांगायला लाज वाटत होती. शेवटी सांगितलं. "तो म्हनस, तुम्हीन त्याना वकील शेतस? त्याले वाटे, तुम्हीन सरकारना शेतस." आठ महिने काळा कोट घालून जो म्हातारा आपल्या शेजारी उभा राहतो, तो आपल्याला आत ठेवणाऱ्यांपैकीच एक आहे, अशी त्या माणसाची समजूत होती. नानांनी हे मला सांगितलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे हसायला तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटलं. त्यानंतर नानांनी शनिवारचं वाचन बंद केलं. वरच्या कोर्टात अपील टाकलं. नव्या निकालाचा कापलेला उतारा मात्र पुस्तकात चिकटवला नाही. कलम बावीसच्या पानात नुसताच ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "खळ संपनी." अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "खोटं बोलस! वाटीभर पडेल शे!"

मग छातीत दुखलं, धुळ्याचा दवाखाना आला, आणि तो रविवार, ज्याची मी नक्कल करत होते. नक्कल करताना मी एक गाळलं होतं. नर्स हसून निघून गेल्यावर नाना मला म्हणाले होते, "खरंच विचारतोय. डॉक्टर बाहेर जाऊन काय सांगतात तुम्हाला?" डॉक्टर बाहेर व्हरांड्यात, इंग्रजीत, मुलीला आणि मला सगळं सांगून गेले होते. मी म्हणाले, "काही नाही हो नाना, बरं आहे सगळं." जन्मभर माणसांना कारण सांगा म्हणून भांडलेल्या माणसाला मी, त्याची ज्युनिअर, कारण सांगितलं नाही. अंगठाही घेतला नाही. बुधवारी ते गेले.

दहावं झाल्यावर रेमसिंगच्या नियमित तारखेला त्यांच्या जागी मी उभी राहिले. पुढची तारीख मिळाली, दुसरं काय मिळणार? सुमलीबाई पायरीवर होती. तिला कोणी कळवलंच नव्हतं. ती माझ्या पाठीमागे बघत होती, नाना येतील म्हणून. मी तिच्या शेजारी बसले. मला पन्नास आवाज काढता येतात, साहेबांचे, हवालदारांचे, नेत्यांचे. पण हे कुठल्या आवाजात सांगायचं ते कळेना. शेवटी माझ्याच आवाजात, मोडक्या अहिराणीत सांगितलं, की नाना वारले, दवाखान्यात, काळीज थांबलं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग मला विचारलं, "त्यासले सांगं व्हतं का कोनी? समजनं व्हतं का त्यासले?"

मी मान हलवली. नाही. ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बसकडे निघाली. तिला दोन बस बदलायच्या होत्या. रेमसिंग आतच आहे. अपील वरच्या कोर्टात आहे, म्हणजे कुठे आहे ते मला विचारू नका. नानांच्या भाषेत सांगायचं तर रस्त्यात आहे. मला आशा आहे का, असं लोक विचारतात. लोकांना नाटकाच्या शेवटी काहीतरी लागतं. माझ्याकडे नाही.

परवाच्या शनिवारी सोनगीरला गेले. अक्कांनी पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं, "ली जा तुन्हा नानाले." मी म्हटलं, एक चिठ्ठी चिकटवायची राहिली आहे. त्या उठल्या आणि पितळी वाटी चुलीवर ठेवली. कणीक ढवळता ढवळता त्यांनी फडताळातून एक पुडी काढली आणि वाटीत रिकामी केली. खळ निळसर हिरवी झाली. मी अक्कांकडे पाहिलं. त्या ढवळतच होत्या. "टाकं आज," त्या म्हणाल्या. "आते कोनले चाटनं शे?"

मी काठाची गाठ सोडली. कलम एकवीस समोर आलं, नक्षीसारखं कुरतडलेलं, आरपार. बावीसचं पान त्याच्या पुढे होतं, आणि माझं बोट आपसूक जिभेकडे गेलं. अक्कांनी हातातली पळी तशीच धरून माझं मनगट घट्ट पकडलं.